ओरिजिनल मागितले, ओरिजिनलचे पैसे दिले आणि घरी कॉपी आणली

माझे एकूण ५,४६० रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही, हे मला ठाऊक आहे आणि ते आतापर्यंत चार जणांनी मला ऐकवलेही आहे. परंतु गेली २२ वर्षे हौसेने अॅम्प्लिफायर बनवणाऱ्या आणि शेजारच्या मुलांना ‘माल पारखून घ्यावा’ असे शिकवणाऱ्या माणसाने नकली ट्रान्झिस्टर, म्हणजे प्रवाह वाढवणारे तीन पायांचे सुटे भाग, पैसे मोजून घरी आणावेत, याची लाज त्या रकमेपेक्षा मोठी आहे. तरीही लिहीत आहे, कारण हा नकली माल मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजणाऱ्या साध्या मीटरवर, अगदी उत्तम दिसतो आणि तेवढी एकच तपासणी करून निश्चिंत होणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

मला ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या पाच जोड्या हव्या होत्या. पूर्ण नावे २एससी५२०० आणि २एसए१९४३. पहिला एनपीएन, दुसरा त्याचा उलट ध्रुवतेचा जोडीदार पीएनपी, मूळ तोशिबा कंपनीचे. २३० व्होल्ट, १५ अँपिअर आणि १५० वॉट ही त्यांची कमाल क्षमता असल्यामुळे घरगुती अॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यासाठी हौशी लोक हीच जोडी निवडतात, आणि नेमकी म्हणूनच तिची नक्कल सर्वाधिक होते. पुण्यात एक नग २६० रुपयांना सांगत होते. मुंबईत इलेक्ट्रॉनिक मालाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने १६५ सांगितले. मी लोभी ठरतो, हे मला मान्य नाही. घाऊक बाजारात भाव कमी असतोच. त्या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षे माल आणला आहे आणि तिथे सचोटीने धंदा करणारे पुष्कळ आहेत.

ज्या क्षणी मी काउंटरवरून मागे फिरायला हवे होते, तो क्षण मला आजही रात्री आठवतो. दुकानदाराने सहज विचारले होते, “काका, ओरिजिनल देऊ की कॉपी?” हा प्रश्न ऐकून मला चक्क बरे वाटले! विचारतो आहे म्हणजे प्रामाणिक आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मी ‘ओरिजिनल’ म्हणालो, त्याने मान डोलावली आणि मागच्या खणातून दहा नग काढले. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाने माझ्यादेखत ‘कॉपी’ मागितली होती आणि त्यालाही त्याच खणातून माल दिला गेला होता. मी ते पाहिले होते. पाहूनही तोंडातून शब्द काढला नाही. पुढे त्याने सांगितले की, पक्के बिल हवे असल्यास १८ टक्के जीएसटी वेगळा पडेल. १,६५० रुपयांवर २९७ रुपये होत होते. ते मी वाचवले. ‘टी.आर. (ट्रान्झिस्टर) १० नग’ एवढेच लिहिलेली कच्ची चिठ्ठी घेऊन मी बाहेर पडलो. त्या २९७ रुपयांनी पुढे माझी सर्व दारे बंद केली.

घरी आल्यावर मी निष्काळजीपणा केला, असे कोणी म्हणू नये. डायोडच्या रेंजवर दहाही नग तपासले. आतले दोन्ही जोड (जंक्शन) ठीक होते, कुठेही शॉर्ट नव्हता. मायका आणि पेस्ट लावून आठ नग हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, बसवले आणि पहिला वीजपुरवठा रीतसर १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून दिला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे सर्व काही योग्य होते. कमी आवाजात दोन दिवस अॅम्प्लिफायर सुरेख वाजला. तिसऱ्या दिवशी आवाज जरा वाढवला, तेव्हा डाव्या बाजूने ‘भप्प’ असा एकच आवाज आला, वूफरचा (मोठ्या स्पीकरचा) पडदा पुढे येऊन तसाच ताठ राहिला आणि व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे त्यातल्या तारेच्या वेटोळ्याच्या, जळक्या वार्निशचा वास खोलीभर पसरला. दोन ट्रान्झिस्टर कलेक्टरपासून एमिटरपर्यंत (तिसरा पाय बेस) आरपार शॉर्ट झाले होते आणि सप्लायचे जवळजवळ ४९ व्होल्ट डीसी सरळ स्पीकरवर गेले होते. स्पीकर वाचवणारे रिलेचे सर्किट मी बसवले नव्हते, ही चूक माझीच; ते जरूर बसवावे. वूफरचे २,८५०, ड्रायव्हर आणि एमिटर रेझिस्टरचे ३४०, मुंबईच्या दोन फेऱ्यांचे ६२० आणि ट्रान्झिस्टरचे १,६५० असा हिशेब आहे.

जळालेला एक नग पकडीत दाबून फोडला. तांब्याच्या पट्टीवर जेमतेम दोन मिलिमीटरची सिलिकॉनची चिप होती. माझ्याकडच्या एका जुन्या, अस्सल ५२०० मध्ये ती दुपटीहून मोठी निघाली. यातच सारी मेख आहे: आतला ट्रान्झिस्टर खराब नसतो, तो फक्त लहान असतो. मल्टिमीटर एखादा मिलिअँपिअर प्रवाह सोडतो आणि तेवढा तो आनंदाने झेलतो. खरी उष्णता सुरू झाली की तेवढीशी चिप ती पट्टीकडे पोहोचवू शकत नाही. मग न वापरलेले दोन नग घेऊन ओळखीच्या सोनाराकडे गेलो. तोशिबाच्या माहितीपत्रकात वजन ९.७५ ग्रॅम दिले आहे. माझे नग ७.१ ग्रॅम भरले. सोनार हसला, मला हसू आले नाही. अॅसिटोनच्या बोळ्याने वरची अक्षरेही पुसली गेली, पण केवळ तेवढ्यावरून निर्णय करू नये, कारण जुन्या अस्सल मालाची छपाईही कधीकधी फिकी पडते. ज्यांच्याकडे कपॅसिटन्स (विद्युतधारिता) मोजणारा मीटर आहे त्यांनी कलेक्टर-बेस जंक्शनचा आकडा एखाद्या खात्रीच्या नगाशी ताडून पाहावे. लहान चिपचा आकडा बराच कमी येतो.

दुकानदार म्हणाला, “सोल्डर लागलेला माल परत होत नाही.” न लावलेले दोन नग पुढे केले, तर ते आपल्या दुकानातले कशावरून, असा प्रश्न त्याने केला. पोलीस चौकीत रक्कम ऐकूनच पेन खाली ठेवले गेले. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली सहा महिने ते तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे, असे मी सांगितले, त्यावर “मग कंपनीला तक्रार करू द्या की, काका” असे उत्तर मिळाले. ग्राहकांच्या मदतवाहिनीवर केलेली तक्रार ‘बिल जोडलेले नाही’ असा शेरा मारून बंद झाली. पुन्हा केली, पुन्हा त्याच शेऱ्याने बंद झाली. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला ग्राहक आयोगात शुल्क नाही, हे ऐकून मी हुरळलो होतो. परंतु मालातील दोष प्रयोगशाळेत तपासायचा झाल्यास त्याचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे, अशी २०१९ च्या कायद्यातच तरतूद आहे. एका प्रयोगशाळेला मी पत्र लिहिले, तर त्यांनी उत्पादकाचे पत्र मागवले. म्हणजे मी फसलो हे सिद्ध करण्यासाठी, ज्याने मला फसवलेच नाही त्या उत्पादकाकडून कागद आणायचा! १६५ रुपयांच्या नगासाठी हे कोण करणार, हे त्या दुकानदाराला माझ्यापेक्षा चांगले कळते.

पॉवर ट्रान्झिस्टर अधिकृत वितरकाकडूनच, पक्क्या बिलावर घ्यावेत आणि बिलावर पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. धातूच्या टोपीतला २एन३०५५ हा जुना पॉवर ट्रान्झिस्टर तर कित्येक दशकांपासून नकली मिळतो. जुना जर्मेनियमचा एसी१२८ म्हणून कोणी काही दिले, तर डायोडच्या रेंजवर ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसले पाहिजेत, ०.६ दिसले तर आत सिलिकॉन आहे. बीसी५४७ या छोट्या, स्वस्त ट्रान्झिस्टरची नक्कल करून कोणाला फारसे काही मिळत नाही, तिथे फक्त पायांचा क्रम जपावा. आणि ज्या दुकानात ‘कॉपी’ हा पर्याय उघडपणे विचारला जातो, तिथून पॉवर ट्रान्झिस्टर घेऊ नयेत.

सोनाराकडे नेलेले ते दोन नग मी फोडलेले नाहीत. कच्च्या चिठ्ठीसह एका पाकिटात ठेवले आहेत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि त्यातले सात महिने गेले आहेत.