पहिलं रोमन नाणं: सेस्टर्शियस घ्यावा की आस?

रोमच्या या हलक्या किमतीच्या नाण्यांना सगळे ‘ब्राँझची नाणी’ म्हणतात, पण इसवी सनापूर्वी 23च्या सुमारास सम्राट ऑगस्टसने चलनाची घडी बसवली तेव्हा सेस्टर्शियस आणि दुपोंडियस पितळेचे झाले, आस आणि क्वाद्रान्स तांब्याचे. चांदीच्या एका दिनारियसला 4 सेस्टर्शियस, 8 दुपोंडियस, 16 आस किंवा 64 क्वाद्रान्स.

नवखा माणूस भुलतो तो सेस्टर्शियसला. सुमारे 25 ग्रॅम वजन, हात भरल्यासारखा वाटतो. सम्राट नीरोच्या सेस्टर्शियसवर रोमजवळच्या ऑस्टियाचं अख्खं बंदर गलबतांसकट मावलंय. पण तसं नाणं परवडत नाही. परवडतो तो गुळगुळीत चकतीवरचा नुसता नाकाचा आकार. त्यातून ‘सुबक’ निघाला तर भिंगातून बघा: गाल झिजलेला आणि केसांच्या बटा मात्र धारदार? मग त्या अलीकडे कोणीतरी कोरल्यात. विक्रेता ‘कोकणच्या बंदरात सापडला’ म्हणाला तरी हुरळू नका. भारत दरवर्षी 5 कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो असं रोमन लेखक प्लिनीने रडगाणं गायलंय खरं, पण तो हिशोबाचा आकडा, म्हणजे रक्कम सेस्टर्शियसमध्ये मोजलेली. इकडे आली ती मुख्यतः सोन्याचांदीची नाणी.

त्याच पैशांत मी आस घेईन. आकाराने साधारण आपल्या 10 रुपयांच्या नाण्याएवढा, वजन मात्र 11 ग्रॅमच्या आसपास. त्यातही ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याचा. त्याचा नातू सम्राट कॅलिग्युलाने आजोबांच्या नावाने पाडलेला, म्हणून मुबलक. एका बाजूला जहाजांच्या नाळींचा (पुढच्या टोकांचा) मुकुट घातलेला करारी चेहरा, दुसरीकडे त्रिशूळ आणि डॉल्फिन घेतलेला नेपच्यून. बराच झिजला तरी ओळखू येतो.

दुपोंडियस जवळपास आसएवढाच, त्यामुळे विक्रेतेही गल्लत करतात. नीरोच्या काळापासून किरणांचा मुकुट दिसला तर बहुधा दुपोंडियस. त्याआधीचा असेल तर नाण्यावर काळाने चढलेला थर उडालेल्या जागी पिवळं दिसतंय की तांबूस, ते पाहा. नीरोने काही आसही पितळेचे पाडले, तिथे मात्र ही युक्ती फसते.

क्वाद्रान्स जेमतेम 3 ग्रॅमचा, रोममधल्या न्हाणीघराच्या प्रवेशाचं मोल. स्वस्त आणि गोड, पण त्यावर सहसा सम्राटाचा चेहरा नसतो. दुसऱ्या खरेदीसाठी ठेवा.

काहीही घ्या, फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर परत करा, तो धातू खाणारा रोग आहे. आणि समईसारखं चिंच लावून घासू नका. दोन हजार वर्षांचा थर दोन मिनिटांत जातो, आणि किंमतही.