१ ते १८ गिगाहर्ट्झचा दुहेरी रिजचा हॉर्न: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

उपकरणांतून निघणारे रेडिओ उत्सर्जन मर्यादेत आहे का, हे आम्ही हॉर्नने, म्हणजे कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनाने मोजतो; या हॉर्नच्या आत समोरासमोर धातूच्या दोन उभट कडा (रिज) आहेत. गेल्या महिन्यात आमच्या टेबलावर एकच उपकरण सकाळी मर्यादेत बसले आणि दुपारी बसले नाही. मधल्या वेळात बदल म्हणाल तर एवढाच झाला होता की केबल पुरत नव्हती म्हणून उपकरण डावीकडे सुमारे २० सेंटिमीटर सरकवले होते आणि त्याच्याखाली १५ सेंटिमीटरचा फोमचा ठोकळा ठेवला होता. अंतर १ मीटर होते आणि १७ गिगाहर्ट्झजवळचे वाचन ४ डेसिबलने चढले. मी आधी केबल बदलली, मग टॉर्क पान्याने सगळे कनेक्टर पुन्हा आवळले, मग जमिनीवरच्या, लहरी शोषणाऱ्या अ‍ॅब्सॉर्बरची मांडणी बदलली. दोन आठवडे यात गेले. हॉर्नवर संशय घ्यावा असे मला सुचलेच नाही, कारण कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मुदतीत होते आणि व्हीएसडब्ल्यूआरचा (केबलमधून आलेली किती शक्ती हॉर्न परत फेकतो, याचा) आलेख पहिल्या दिवशी होता तसाच आजही होता.

शेवटी हॉर्न टर्नटेबलवर चढवला आणि दोन-दोन अंशांनी फिरवत मोजमाप घेतले. ६ गिगाहर्ट्झला एकच, रुंद आणि स्वच्छ मुख्य झोत दिसला. १७ गिगाहर्ट्झला मात्र नेमक्या मध्यावर खळगा होता. मग हॉर्न स्वतःच्या अक्षाभोवती ४५ अंश वळवला, ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) जुळलेले राहावे म्हणून समोर ठेवलेला दुसरा हॉर्नही तितकाच वळवला आणि पुन्हा मोजले, तेव्हा खळग्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे आणखी ठळक झाले. म्हणजे मुख्य झोत चार तुकड्यांत फुटून चार तिरक्या दिशांना गेला होता आणि सरळ समोर सर्वांत कमी शक्ती उरली होती. हे मोजमाप ३ मीटरवरचे आहे. २४ सेंटिमीटर रुंद मुखासाठी १८ गिगाहर्ट्झला दूरक्षेत्राची (झोताचा आकार जिथून पुढे स्थिर राहतो त्या अंतराची) नेहमीची अट सुमारे ७ मीटर मागते, हे मला मान्य आहे. पण मध्यावरचा खळगा माझ्या मोजमापात जवळजवळ ५ डेसिबल खोल होता, आणि एवढी खोली केवळ अंतर कमी पडल्याने येत नाही.

विक्रेत्याला हे आलेख पाठवले. त्यांनी हॉर्न मागवून घेतला, तीन आठवडे ठेवला आणि ‘नमूद केलेल्या मर्यादेत आहे’ असा शेरा मारून परत पाठवला. माझा राग शेऱ्यावर नाही, कारण तो अक्षरशः खरा आहे. माहितीपत्रकात फक्त अक्षावरचा गेन (सरळ समोर शक्ती किती एकवटते ते) आणि व्हीएसडब्ल्यूआर दिलेले आहेत, आणि हॉर्न ते दोन्ही पाळतो. राग याचा आहे की १८ गिगाहर्ट्झपर्यंत चालेल असे सांगून विकलेल्या वस्तूचा १८ गिगाहर्ट्झचा झोत कसा दिसतो, हे ग्राहकाला स्वतः शोधावे लागते. अँटेना फॅक्टर (वाचनावरून क्षेत्राची तीव्रता काढण्याचा गुणक) अक्षावर काढलेला असतो, म्हणजे तो खळग्याच्या तळाशी काढलेला असतो. मोठ्या उपकरणाच्या कडेने निघणारे उत्सर्जन तळाशी न पडता उंचवट्यावर पडते, आणि वाचन खोटे फुगते.

खूण माझ्या डोळ्यांसमोर होती, हे मात्र सांगितले पाहिजे. मुखाचे क्षेत्रफळ तेच असेल तर वारंवारता वाढताना गेन वाढत जायला हवा; लहरींच्या कलेतील (फेजमधील) त्रुटीमुळे तो पूर्ण वाढत नाही, पण ठळकपणे घसरायचे कारण नाही. माझ्या प्रमाणपत्रातील गेनची रेषा १५ गिगाहर्ट्झनंतर खाली वळलेली आहे. कनेक्टरचा ऱ्हास असेल असे समजून मी ती अकरा महिने सोडून दिली. असा हॉर्न घेणाऱ्याने सर्वांत आधी त्या रेषेचे उजवे टोक पाहावे आणि वरच्या तीन-चार वारंवारतांचे झोताचे आलेख लेखी मागावेत.

हे का घडते, ते समजल्यावर माझे मत थोडे निवळले. साध्या आयताकृती वेव्हगाइडने (लहरी वाहणाऱ्या धातूच्या पोकळ नळीने) १ गिगाहर्ट्झ वाहायचे तर त्याची रुंदी १५ सेंटिमीटरहून अधिक लागते, आणि एकाच मोडचा (नळीतील लहरींच्या एकाच मांडणीचा) वापरण्याजोगा पट्टा एका सप्तकाहून, म्हणजे वारंवारतेच्या दुपटीहून, कमी मिळतो. मध्ये समोरासमोर दोन रिज घातले की खालची सीमा बरीच खाली येते. किंमत अशी की वरच्या टोकाला त्याच पोकळीत उच्च मोड शिरायला जागा मिळते, आणि कोअ‍ॅक्स केबलपासून रिजपर्यंतच्या जोडणीत जराही असमतोल असला की ते जागे होतात. १९६३ मध्ये अँटेना अभियंते पॉटर यांनी मांडलेल्या शंक्वाकृती हॉर्नमध्ये दुसरा मोड मुद्दाम, नेमक्या प्रमाणात आणि नेमक्या कलेत (फेजमध्ये) मिसळला जातो आणि झोत दोन्ही प्रतलांत सारखा होतो. डिशच्या फीडसाठी (डिशसमोरच्या छोट्या अँटेनासाठी) ती रचना नावाजली गेली. माझ्या हॉर्नमध्ये असे मोड कोणतेही प्रमाण न ठरवता येतात. रिजचा आकार आणि बाजूच्या भिंती बदलून हा दोष काढलेले नवे हॉर्न आता मिळतात, तेव्हा जुनाच आराखडा विकत राहण्याचे समर्थन मी करणार नाही.

सुरुवातीला हा हॉर्न काढून टाकायचे ठरवले होते. ते मी बदलले, कारण १२ गिगाहर्ट्झपर्यंत त्याने एकदाही दगा दिलेला नाही. दर महिन्याला त्याच केबलने, त्याच जागी घेतलेली वाचने ०.३ डेसिबलच्या आत जुळली आहेत. बॅटरीचा उजेड धरून मुखातून आत पाहिले तर केबलच्या जोडणीजवळच्या, जेमतेम नख जाईल अशा फटीत धूळ नाही, रिजच्या कडा अजून धारदार आहेत.

आणखी एक तक्रार आहे. झोताचे कलाकेंद्र (लहरी जिथून निघतात असे भासते तो बिंदू) वारंवारतेनुसार मुखाजवळून आत घशाकडे सरकते. ते २० सेंटिमीटर आत गेले असे धरले, तर १ मीटरवर सुमारे १.६ आणि ३ मीटरवर सुमारे ०.६ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे १ मीटरचा अँटेना फॅक्टरचा तक्ता ३ मीटरवर वापरल्यास १ डेसिबल हातातून जातो. विक्रेत्याने मला १ मीटरचाच तक्ता दिला होता.

१२.४ ते १८ गिगाहर्ट्झसाठी आता मी साधा पिरॅमिडल स्टँडर्ड गेन हॉर्न लावतो. त्याचा पट्टा अरुंद आहे आणि मधेच हॉर्न बदलण्यात वेळ जातो, पण त्याचा गेन नुसत्या मापांवरून काढता येतो. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने १९५४ मध्येच त्याची पद्धत घालून दिली आहे. तेच उपकरण, तसेच २० सेंटिमीटर सरकवून आणि त्याच ठोकळ्यावर ठेवून, या हॉर्नने पुन्हा मोजले. या वेळी वाचन चढले नाही. अक्षापासून दूर गेल्यावर उतरायला हवे तसे ते थोडे उतरले. पुढच्या महिन्यात जुना हॉर्न कॅलिब्रेशनला जाईल, तेव्हा १ आणि ३ मीटरचे दोन्ही तक्ते आणि १३, १५ व १७ गिगाहर्ट्झचे झोताचे आलेख मी मागणीपत्रातच लिहून दिले आहेत.