सलग मजकूर, उपशीर्षकं की मिटलेल्या घड्या? फोनवरच्या मराठी पानाची मांडणी

सोसायटीचे नियम, प्रवेशाची माहिती, पाणीकपातीची सूचना असं काही वेबसाइटवर टाकायचं असेल, तर मांडणी लिहायला बसण्यापूर्वीच ठरवावी. मजकूर लिहून झाल्यावर तोडला की उपशीर्षकं नुसती चिकटवल्यासारखी दिसतात.

सलग परिच्छेद
२००६ मध्ये वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेने वेबपानं वाचणाऱ्या २३२ जणांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा इंग्रजी ‘एफ’सारखा आकार दिसला. वरच्या ओळी आडव्या वाचल्या जातात, मग नजर डाव्या कडेने खाली घसरते आणि उजवीकडचं निसटतं. मराठीत याचा फटका मोठा, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडण्याची आवश्यकता नाही.’ घाईतला माणूस पहिले तीन शब्द टिपतो आणि दाखला काढायला निघतो. फोनवर तर ते ‘नाही’ बहुधा दुसऱ्या ओळीत गेलेलं असतं. त्यात सुरुवात ‘सर्व संबंधितांना याद्वारे कळविण्यात येते की’ अशी केली, तर हमखास वाचली जाणारी ओळही वाया जाते.
लेख, कथा, कारणमीमांसा यांना मात्र सलग मांडणीच हवी. तिथे वाचक ठरवून आलेला असतो आणि तोडलेला मजकूर त्याची लय मोडतो.

उपशीर्षकं
इथे नजर शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारते आणि हवं तिथे थांबते. सूचना आणि नियमांसाठी आमची पसंती हीच. पण ‘महत्त्वाची सूचना’, ‘इतर माहिती’ ही शीर्षकं काहीच सांगत नाहीत. ‘गुरुवारी पाणी बंद, सकाळी १० ते रात्री ८’ हे सांगतं. वरच्या वाक्याचं शीर्षक ‘उत्पन्नाचा दाखला नको’ एवढंच पुरे.

मिटलेल्या घड्या
यात फक्त शीर्षकं दिसतात आणि शीर्षकावर बोट टेकवलं की त्याखालचा मजकूर उघडतो. पान आटोपशीर दिसतं, पण प्रत्येक उत्तरासाठी बोट टेकवावं लागतं. पानात शब्द शोधला तरी बंद घडीतला मजकूर बऱ्याचदा सापडत नाही आणि छापताना तो गळू शकतो. वाचकाला पंधरा-वीस प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर हवं असेल, तरच घड्या कराव्यात. मुदत आणि शुल्क घडीत कधीच नको.

काहीही निवडलं तरी
अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. ओळींचं अंतर अक्षराच्या दीडपट ते १.७ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा समान करू नका. ‘महानगरपालिकेच्या’सारखा शब्द पुढच्या ओळीत गेला की मागे फटी उरतात. ठळक ठसा शीर्षकांपुरताच वापरा, कारण लहान आकारात ‘ष्ट्र’, ‘द्ध’सारखी जोडाक्षरं त्यात बुजतात.

शेवटी पानावरची फक्त उपशीर्षकं विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि कधी, कुठे, किती, काय आणायचं ते विचारा. जे सांगता आलं नाही, त्याचं शीर्षक बदला.