फुसेकीवर नऊ महिने, त्यातले निम्मे डिस्क झाडण्यात

शनिवारी रात्री साडेअकराला फोन. फुसेकी, म्हणजे आमचा ग्राफ-डेटाबेसचा सर्व्हर, बंद पडलाय, 40 जीबीची डिस्क काठोकाठ भरलीय. आमचा सगळा डेटा म्हणजे जेमतेम 30 लाख ट्रिपल, 'हे-नातं-ते' अशी तीन तुकड्यांची छोटी वाक्यं. त्याला 40 जीबी म्हणजे दोन जुड्या मेथीसाठी टेम्पो!

पार्श्वभूमी थोडक्यात. गिटमधला कोड, बगांची टिकेटं, जेनकिन्सने कोडपासून बांधलेले बिल्ड आणि विकी, सगळं वेगवेगळीकडे. 'हा बग नक्की कुठल्या बिल्डमध्ये सुटला?' असं विचारलं की चार टॅब आणि एक जुना सहकारी लागायचा. तो सहकारी नोकरी सोडून गेला, तेव्हा मी हा उद्योग अंगावर घेतला. सगळं आरडीएफमध्ये (ट्रिपल लिहिण्याची प्रमाणित पद्धत) ओतलं, प्रत्येक स्रोताला वेगळा नेम्ड ग्राफ, म्हणजे ट्रिपलचा नाव दिलेला कप्पा, वर प्रश्न विचारायला स्पार्कल ही भाषा. टिकेटांसाठी ओएसएलसीचे (अशी साधनं एकमेकांना जोडण्याचं प्रमाण) शब्द उसने घेतले. 2008 पासून लोक याच दुखण्यावर बसलेत, आपण नवी बाराखडी कशाला काढा?

तर डिस्क. फुसेकीचा साठवणीचा भाग, टीडीबी2, जुन्या ब्लॉकवर लिहीतच नाही. बदल झाला की नवी प्रत करतो, म्हणजे लिहिणं चालू असतानाही वाचणाऱ्याला आधीचं चित्र सलग दिसतं. कल्पना चांगली आहे, पण जुन्या प्रती तिथेच पडून राहतात. डिलीट केलं तरी जागा परत मिळत नाही. आणि माझी स्क्रिप्ट रोज रात्री चारही ग्राफ पुसून नव्याने भरत होती. हे कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय. मी वाचलं नव्हतं, ती चूक माझीच.

उपाय म्हणजे कॉम्पॅक्ट, डेटा आवळून लिहिण्याचा हुकूम. पण तो चालू डेटाची नवी प्रत शेजारी लिहितो, आणि त्यालाच जागा नव्हती. दुष्काळात तेरावा महिना! लॉग उडवून थोडी जागा केली, कॉम्पॅक्ट चालवला, आणि डिस्क आणखी भरली. डेटा-0002 हे नवं फोल्डर तयार झालं, पण जुनं डेटा-0001 जागचं हललं नाही. घर झाडून केर गॅलरीत ठेवावा तसं. 'डिलीटओल्ड' सांगितल्याशिवाय जुनं जात नाही. ते गेल्यावर उरला पाऊण जीबी. पाऊण! होस्टिंगवाल्यांच्या मदतकक्षाने तोवर एकच सल्ला दिला होता, मोठा प्लॅन घ्या. घेतला असता तर दर महिन्याला पैसे भरून मी कचरा सांभाळला असता.

त्या रात्री या परीक्षणात फुसेकीला दोन तारे लिहून ठेवले होते. ते आता खोडतोय, कारण पुढच्याच महिन्यात एका पार्सिंग लायब्ररीत सुरक्षेचं भोक निघालं.

प्रत्येक सर्व्हिसच्या एसपीडीएक्स याद्या (आत कुठल्या लायब्ररी आहेत त्याची प्रमाणित नोंद) मी आधीच भरून ठेवल्या होत्या. त्यांत 'हे त्यावर अवलंबून' असं सरळ नसतं, मधे संबंधाचा एक वेगळा नोड बसलेला असतो. जुन्या ट्रिपलमधून नवे बनवणाऱ्या एका कन्स्ट्रक्ट क्वेरीने तो काढून थेट नातं तयार केलं होतं. मग त्या नात्यापुढे फक्त अधिकाचं चिन्ह लावायचं, की लायब्ररीची लायब्ररी, तिचीही लायब्ररी, कितीही पिढ्या खाली असो, सगळी सापडते. स्पार्कल 1.1 मध्ये 2013 पासून ही सोय आहे. एसक्यूएलमध्ये यासाठी रिकर्सिव्ह क्वेरी लिहीत बसावं लागतं. त्याच क्वेरीत त्या सर्व्हिसचा शेवटचा बिल्ड आणि शेवटचा कमिट (कोडमधला बदल) करणाराही जोडला. सहा सर्व्हिसेस निघाल्या, त्यातल्या दोन कोणाच्या ध्यानीमनी नव्हत्या. साहेबांनी चहा पाजला. आमच्याकडे हे क्वचित घडतं.

सेमॲजचं ('हे दोन एकच' असं सांगणारं नातं) मात्र नाव काढू नका. एकाच माणसाचे दोन ईमेल जोडायला वापरलं, आणि बिल्ड मशीनचं सामायिक खातं चुकून दोघांना जोडलं गेलं. अ म्हणजे ब, ब म्हणजे क, असं करत माझे नियम दोन माणसांना एक करून मोकळे झाले. आता लोकांची यादी हातानेच ठेवतो, चौदा जणांना कसला आलाय तर्क!

स्क्रिप्टही बदलली. आता फक्त फरक भरते, त्यामुळे डिस्क सावकाश वाढते. रविवारी पहाटे क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) कॉम्पॅक्ट करून जुनं उडवतो. तरी सोमवारी चहाआधी मी एकदा जागा बघतोच. आज डिस्क 11 टक्के भरलीय.