पोटाच्या कॅन्सरचं मार्कर पॅनेल: जळगाव-धुळ्यातून तपासणी करून घ्यावी का?

घ्यावी. ब्लॉक (पॅराफिन मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) इथल्या कलेक्शन सेंटरवर द्यायचा, तो मोठ्या शहरातल्या लॅबकडे जातो, पेशंटला प्रवास पडत नाही. पण पॅकेज डोळे झाकून घेऊ नका.

कामाचे मार्कर (उपचार ठरवायला मदत करणारी, गाठीच्या पेशींतली प्रथिनं) चार: हर-२, एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं), पीडी-एल१ आणि क्लॉडिन १८.२. पी५३ आणि केआय-६७ पॅकेजात असले तरी त्यांच्यावरून उपचार ठरत नाहीत. आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज स्टेजवरून जास्त चांगला येतो. पी५३ आणि केआय-६७ साठी वेगळे पैसे मोजू नयेत.

रिपोर्ट वाचताना हर-२ कडे आधी बघा. स्तनाच्या कॅन्सरचे निकष इथे चालत नाहीत. तपासणीत स्लाइडवर मार्करला रंग देतात; जठरात पेशीच्या कडेचा हा रंग पूर्ण गोल न येता बऱ्याचदा दोन बाजू आणि तळ एवढाच येतो, आणि तोही मोजायचा असतो. रंग ३+ (सगळ्यात ठळक) म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आला तर फिश (हर-२ जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) लागते. ती पॅकेजात आहे की वेगळी, हे आधीच विचारा. एमएमआरची चारही प्रथिनं (एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६) हवीत. एखादं 'गायब' लिहिलं असेल, तर त्याच स्लाइडवरच्या लिम्फोसाइटना (निरोगी पांढऱ्या पेशींना) रंग आलाय ना, हे पाहिल्याशिवाय ते मानू नये. खरोखर गायब असेल तर ऑपरेशन होण्याजोग्या आजारात ती सहसा चांगली खूण असते. पीडी-एल१ चा आकडा सीपीएसमध्येच (कॅन्सरपेशी आणि आसपासच्या प्रतिकारपेशी दोन्ही धरून काढलेला गुण) हवा, आणि त्यासाठी निदान १०० जिवंत कॅन्सरपेशी लागतात. क्लॉडिनसाठी ७५ टक्के किंवा जास्त कॅन्सरपेशींच्या कडेवर मध्यम ते ठळक रंग हवा.

घोळ होतो तो मात्र लॅबच्या आधी. हर-२ गाठीत सगळीकडे सारखं नसतं, म्हणून एंडोस्कोपीत एक-दोन नाही, ६ ते ८ तुकडे घ्यायला सांगा. तुकडे लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (तुकडे टिकवणारं द्रावण) ठेवायचे, द्रावण तुकड्याच्या दहापट, ६ ते ७२ तास. नुसतं पाणी घालून पातळ केलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि रंग बिघडतो. ऑपरेशनचं जठर न उघडता बरणीत टाकलं, तर आतली गाठ कुजायला लागते.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा धरा. मे महिन्यात बंद गाडीत पॅराफिन मऊ पडतं. ब्लॉक थर्माकोलच्या डब्यात, थंड पाकिटांसोबत पाठवा. कापून ठेवलेल्या जुन्या कोऱ्या स्लाइड देऊ नका, ब्लॉकच द्या. नंबर लिहून पोच घ्या आणि तपासणी झाली की ब्लॉक मागून परत आणा. आजार उलटला तर तोच ब्लॉक पुन्हा लागतो.