हंगेट ट्यूब घेताय? काच नंतर बघा, आधी बूच बघा

गोबरगॅसच्या स्लरीतून मिथेनोजेन, म्हणजे मिथेन बनवणारे आणि ऑक्सिजन न सोसणारे सूक्ष्मजीव, वेगळे काढायचं काम चालू आहे आमच्या लॅबमध्ये, त्यासाठी हंगेट ट्यूब, म्हणजे हवा आत न घेता जीव वाढवायच्या बंद नळ्या, मागवल्या होत्या. १६ बाय १२५ मिमीची जाड काच, ब्यूटाइल रबरचं बूच, वर भोक असलेली स्क्रू कॅप. काचेबद्दल तक्रार शून्य, ऑटोक्लेव्हमधून कितीदा काढल्या तरी तडा नाही.

गडबड बुचांची. पुढच्या लॉटमध्ये सप्लायरनं सिलिकॉनची बुचं पाठवली, वर फोनवर म्हणतो रबर रबरच असतं की मॅडम! अहो सिलिकॉनमधून ऑक्सिजन आरामात आत येतो, रात्री रंगहीन ठेवलेलं मीडियम (जीव वाढवायचं पोषक द्रावण) सकाळी गुलाबी. हा गुलाबी रंग त्यात घातलेल्या रेझाझुरिन या सूचक रंगाचा, आत हवा शिरली की लगेच चुगली करतं. आणि रंग गेला म्हणजे झालं असंही नाही हं, मिथेनोजेन मंडळींना मीडियमचं रेडॉक्स पोटेन्शियल (ते जितकं खाली तितका ऑक्सिजनचा मागमूस कमी) साधारण उणे ३०० मिलिव्होल्टच्याही खाली लागतं, म्हणून ते खाली आणायला सिस्टीन आणि सोडियम सल्फाइड घालायचं, मग दिवसभर लॅबला सडक्या अंड्याचा वास.

पण अनॅरोबिक चेंबर (ऑक्सिजन नसलेली बंद पेटी) परवडत नसेल तर या ट्यूबला तोड नाही. स्लरी डायल्यूट करून वितळलेल्या अगारमध्ये टाकायची, ट्यूब बर्फावर आडवी फिरवायची, आतल्या भिंतीवर पातळ थर बसतो आणि प्रत्येक ट्यूब स्वतःच एक पेट्री डिश होते. रॉबर्ट हंगेट यांनी गुरांच्या पोटातले जीव वाढवायला ही पद्धत बसवली. कॉलनी यायला आठवडे जातात, घाई असलेल्यांनी या फंदात पडू नये. आल्या की यूव्हीखाली बघा, एफ४२० या मिथेनोजेनमधल्या को-एन्झाइममुळे निळसर-हिरव्या चमकतात, भारी दिसतं! फक्त चमकली म्हणून प्युअर, म्हणजे एकाच जातीची, समजू नका, मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की नावाचा मिथेनोजेन वर्षानुवर्षं एकच जीव म्हणून सांभाळला आणि १९६७ ला ब्रायंट आणि मंडळी या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी दाखवलं की ते एकत्र वाढणारे दोन वेगळे जीव आहेत.

हायड्रोजन-कार्बन डायऑक्साइड ८०:२० भरून वाढवणार असाल तर मात्र ही ट्यूब कमी पडते. पाच भाग गॅस खाऊन एक भाग मिथेन बनतो, आत व्हॅक्यूम होतो आणि सुईच्या जुन्या भोकातून हवा ओढली जाते. त्यासाठी प्रेशर धरणारी, ॲल्युमिनियम सील क्रिंप करायची सीरम बाटलीच घ्या.

काचेला ५ पैकी ५, सेटला ४. ऑर्डरमध्ये 'ब्यूटाइल' हा शब्द स्पष्ट लिहा आणि पाकीट उघडून बघितल्याशिवाय बिल पास करू नका.