'ओरिजिनल विंडोज'चे 2200 रुपये

गेल्या जुलैत माझा लॅपटॉप अगदीच मान टाकायला लागला. सुरू व्हायला दहा मिनिटं, सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या होत्या, म्हणून बाजारातल्या दुकानात नेला.

"ताई, विंडोज करप्ट झालंय. फॉर्मॅट मारून ओरिजिनल टाकतो. लायसन्सचे 2200, आमचे 600."

मी मुकाट्याने दिले. संध्याकाळी लॅपटॉप नव्यासारखा पळत होता.

जानेवारीत स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटली: 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज'. भाच्याने सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन असं उघडलं. तिथे लिहिलं होतं की तुमच्या संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क होत नाही. "कुठली संस्था, मावशी?" त्याने विचारलं. मोठ्या कंपन्यांच्या मशीनसाठी असलेली अ‍ॅक्टिव्हेशनची, म्हणजे लायसन्स पडताळायची, पद्धत क्रॅक (लायसन्सला चकवणारं बेकायदा सॉफ्टवेअर) वापरून माझ्या लॅपटॉपवर चालवली होती. तिची मुदत 180 दिवसांची.

खरा संताप पुढे आला. लॅपटॉप घेतानाच त्यात विंडोज होम ही आवृत्ती होती आणि तिची 'की', म्हणजे लायसन्सचा क्रमांक, मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. फॉर्मॅट केला तरी ती पुसली जात नाही. त्या दुकानदाराने होमच्या जागी प्रो ही दुसरी आवृत्ती टाकली, म्हणून ती 'की' लागूच झाली नाही. म्हणजे माझ्याकडे असलेलंच लायसन्स काढून घेतलं आणि वर पैसे उकळले! शिवाय क्रॅक पकडला जाऊ नये म्हणून एक अख्खा फोल्डर डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या, 'एक्सक्लूजन' यादीत घालून ठेवला होता. त्या फोल्डरमध्ये व्हायरस आला असता तरी डिफेंडरने बघितलं नसतं. याच लॅपटॉपवरून मी सहा महिने बँकेचे व्यवहार करत होते.

भाच्याने 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवलं, माझ्या फाइल्स बाहेर काढल्या आणि होम टाकलं. वायफाय जोडताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. खर्च शून्य. तुमचा लॅपटॉप विंडोजसकट घेतलेला असेल, तर दुकानात द्यायच्या आधी अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. तिथे 'डिजिटल लायसन्स' असं दिसत असेल, तर नव्या लायसन्सचे पैसे देऊच नका.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करायचा म्हणून पावती शोधली. तिच्यावर विंडोजचं नाव नव्हतं, लायसन्सचं नव्हतं. नुसतं 'सर्व्हिस – 2800'. नेटबँकिंगचा पासवर्ड त्याच रात्री भाच्याच्या मशीनवरून बदलला.